तरीचा परवाना

पावसकरसाहेब परवाना कधी नुसता हातात ठेवत नसत. होडीवाल्याला समोरच्या खुर्चीवर बसवत, चष्मा पुसत आणि मग तो सबंध कागद, खालच्या बारीक छापातल्या अटींसकट, मोठ्याने वाचून दाखवत. होडीत माणसं किती बसवायची, वादळाचा बावटा लागला की होडी सोडायची नाही, जादा वल्ही जवळ ठेवायची, सगळं. बहुतेकांना वाचता येत नसे म्हणून हे वाचन, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. पण सातवी शिकलेल्यालाही ते सोडत नसत. वाचन संपेपर्यंत सही करत नसत, आणि सही झाली की कागद दोन्ही हातांनी पुढे करत.

ऐंशी सालानंतर लगेचच मी रत्नागिरीत खाडीकाठच्या एका बंदर कचेरीत टंकलेखक म्हणून लागले. त्या काळी खाड्यांवर आजच्यासारखे पूल नव्हते. पलीकडच्या गावांना बाजार, कोर्ट, दवाखाना, शाळा, सगळ्यासाठी तरीनेच यावं लागे. तर म्हणजे माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. पावसकरसाहेब आमचे निरीक्षक. दरवर्षी पाऊस सरला की प्रत्येक तर त्यांनी तपासायची आणि मगच तिला वर्षाचा परवाना मिळायचा.

एकदा एक म्हातारा होडीवाला वैतागून म्हणाला, "सायेब, व्हडी माझी, पानी माझ्या बापाच्या वळखीचा. तुमचा कागद नसला तर व्हडी बुडनार हाय काय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "नाही बुडणार. पण तुझ्या होडीत बसणारी बाई होडीचा तळ बघून बसत नाही. कोणीतरी बघितलं असेल, अशा भरवशावर बसते. ते बघायचं काम माझं. कागदावर नाव तुझं असलं तरी कागद तिचा आहे."

परवान्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तोवर मी तो नुसताच टाइप करत होते.

साहेबांची पत्नी फार लवकर गेली होती. मूलबाळ नव्हतं. खालच्या आळीत एक खोली आणि दोन्ही वेळचं जेवण खानावळीत. ते कुणाकडे जात नसत, कुणाला घरी बोलावत नसत. माझ्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "बाई, येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या दिरांची होडी आहे आणि ती तपासायला मलाच जायचंय. जेवून आलेल्या घरची होडी नापास करायला जड जातं." दुसऱ्या दिवशी शिपायाच्या हाती बाळाला झबलं आणि टोपडं पाठवलं. रंग गुलाबी होता. मुलगा की मुलगी हे विचारायचंसुद्धा त्यांनी टाळलं असावं.

त्या सुमारास बंदर खात्यातला माणूस म्हटला की गावोगाव पाहुणचार होई. साहेब मात्र संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर एकटेच बसलेले दिसत. शेजारी कोणी ओळखीचा येऊन बसला, की दोन शब्द बोलून हळूच उठत. लोक त्यांना शिष्ट म्हणत. मला ते शिष्ट कधीच वाटले नाहीत. माणसांची भूक असलेला माणूस मुद्दाम उपाशी राहतोय, असं वाटायचं.

अशाच एका आश्विनात आम्ही खारवाडीची तर तपासायला गेलो. टिपणं घ्यायला मी बरोबर असे. गोविंद तांडेलाने होडी काठावर ओढून कलती करून ठेवली होती. साहेब गुडघ्यांवर बसून हातोडीने एकेक फळी वाजवत गेले. तळाच्या एका फळीचा आवाज बद्द आला. त्यांनी टोचा लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. पाण्यातल्या किड्याने फळी आतून पोखरली होती.

गोविंद म्हणाला, "सायेब, दिवाळीपर्यंत चालू द्या. भातकापनी झाली की बदलतो. आता सुतारय मिळायचा नाय."

"नाही गोविंदा. बदल, मग मला बोलाव. मी त्याच दिवशी येईन."

गोविंदने वाद घातला नाही. तर बंद झाली. गावाला खाडीला वळसा घालून, घाटी चढून सडकेवर जाण्याशिवाय वाट उरली नाही. सडकेवरून दिवसाला दोन एसट्या. गावचे चार लोक कचेरीत येऊन साहेबांना बरंवाईट बोलून गेले. सुतार मिळाला, त्याने कुजकी फळी आणि तिच्या शेजारची अशा दोन फळ्या काढल्या, आणि नवं लाकूड यायची वाट बघत होडी काठावर उघडी पडली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गोविंदच्या मुलीला, चंद्राला, भाताचे भारे बांधताना फुरसं चावलं. मुलगी अठरा वर्षांची. दवाखाना समोरच्या काठावर, तरीने अर्ध्या तासाचं अंतर. लहान होड्या सकाळीच मासेमारीला खाडीबाहेर गेल्या होत्या. चादरीची डोली करून तिला घाटी चढवली, सडकेवर चिऱ्याचा ट्रक मिळाला, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. लवकर आणली असती तर वाचली असती का, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

कचेरीत बातमी आली तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "पावसकर, तुम्ही बरोबरच होतात." साहेब "हो" म्हणाले आणि छत्री घेऊन बाहेर पडले. ते खारवाडीला गेले होते, एसटीने, वळसा घालून. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "गोविंदाच्या बायकोनं तांब्या-भांडं आणून ठेवलं. पाणी न घेताच उठून आलो."

मी तेव्हा तरुण होते. म्हटलं, "साहेब, एकदा त्यांची माफी मागा. मन हलकं होईल."

"कुणाचं?" त्यांनी विचारलं. "फळी कुजलेली होती, बाई. टोचा तुमच्यासमोर आत गेला. चुकलो म्हणू कसा? आणि चुकलो नाही, हे तरी त्या आईला कसं सांगू?"

महिन्याभराने नव्या फळ्या बसल्या. साहेबांनी होडी पुन्हा तपासली, पाण्यात सोडायला लावली, पास केली. परवाना न्यायला गोविंद कचेरीत आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. साहेबांनी सही केली आणि माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच न वाचता कागद पुढे केला.

गोविंदने तो घेतला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "वाचा, सायेब. सगळा वाचा."

साहेब वाचू लागले. प्रवाशांच्या जिवाची जबाबदारी, या शब्दांपाशी त्यांचा आवाज थांबला. मी टाइपरायटरवर हात ठेवून खाली बघत होते. जरा वेळाने पुढचं वाचन सुरू झालं, शेवटपर्यंत झालं. गोविंद कागद घेऊन गेला.

त्यानंतर साहेब दर रविवारी त्या तरीत बसून खारवाडीला जात. पलीकडे उंडीच्या झाडाखाली तासभर बसत आणि पुढच्या फेरीने परत येत. गावचं कोणी त्यांच्याशी बोलत नसे. त्या बाजूची माणसं खानावळीत भेटली तर साहेबांच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसत. साहेब मान खाली घालून जेवण उरकत. निवृत्त होईपर्यंत, चार वर्षं, हे असंच चाललं. वाचनाची पद्धत तेवढी त्यांनी सोडली नाही, फक्त आवाज खाली आला.

निरोपाला कचेरीतला चहा झाला. ते केळशीला बहिणीकडे राहायला निघाले तेव्हा एसटी स्टँडवर मी एकटीच होते. एक ट्रंक आणि एक वळकटी. म्हणाले, "आता कुणाकडेही जेवायला जायला हरकत नाही. पण ओळखी करायचं वय गेलं, बाई."

वर्षभराने त्यांच्या भाच्याचं कार्ड आलं. साहेब झोपेतच गेले होते. कुणाला कळवायचं, हे भाच्याला ठाऊक नव्हतं म्हणून त्याने कचेरीच्या पत्त्यावर लिहिलं होतं. मलाही कुणी सुचेना. शेवटी एका रविवारी मी खारवाडीच्या तरीत जाऊन बसले. दुपारची वेळ, होडीत मी आणि एक मासळीवाली. मध्यावर आल्यावर मी गोविंदला सांगितलं.

त्याने वल्हं वर घेतलं. होडी ओहोटीबरोबर थोडी वाहत गेली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"चार वर्सं माझ्या व्हडीत बसला त्यो मानूस," तो म्हणाला. "मी एक शबुद बोललो नाय. त्यानंय माफी मागली नाय."

मी म्हटलं, "त्यांना फार वाटत होतं, गोविंददादा."

"म्हाईत हाय. मागली नाय ता बरा झाला." त्याने पाण्याकडे बघतच सांगितलं, "मागली असती तर मला वाटला असता, फळी चांगलीच व्हती."