बी धरायच्या आधी

दिवाळीत घरी गेले तेव्हा दादानं मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "आधी मांगं चाल," म्हणाला. मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला लागून फुटक्या रांजणाचं बूड ठेवलेलं, भोवती ओलं गोणपाट, आणि आत पार्सलीचं, त्या कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या विलायती भाजीचं, एकच हिरवंगार झाड. "उन्हाळा काढला यानं. पावसाळाही काढला. आता थंडी सरली का फुलावर येते, पाहजो." चाळिशी ओलांडलेला माणूस, पण चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. ती आमची शेवटची भेट. पुढं ऐन थंडीत एका सकाळी त्याच्या छातीत दुखलं आणि गाडी गावातून पुसदला पोचेपर्यंत सगळं संपलं. मी यवतमाळला शाळेत शिकवते, तेव्हा तिथंच होते. आईचा फोन आला, मागं नुसता बायांचा गलका ऐकू येत होता... मी समजले.

विलासदादा माझ्याहून बराच मोठा. दहावीनंतर तो पुण्याला एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागला, मी पुढं कॉलेजात गेले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे सांगताना मी लाजत नाही. तोही सांगायचा, माझ्याहून मोठ्यानं. हॉटेलात त्याला सुरुवातीला एकच काम होतं, पार्सली धुवायची आणि बारीक चिरायची. पुढं तो चांगला कुक झाला. लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद पडलं ते पुन्हा उघडलंच नाही. दादा गावी आला तो एक बॅग, दोन सुऱ्या आणि पार्सलीच्या बियांचं एक पाकीट घेऊन. पोट भरायला त्यानं पुसदला नाश्त्याची गाडी लावली. तिथं पार्सली कोण मागतंय? पण दिवाळी झाली की अंगणात तो पार्सली पेरायचाच. बी उगवायला तीन-तीन आठवडे लावायचं. शेजारची शांतामावशी रोज कुंपणावरून डोकवायची. "काय रे विलास, सांबार लावला का गाजरगवत?" आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पानं आली तेव्हा मावशीनं चार तोडून वरणात टाकली आणि दुसऱ्या दिवशी निकाल दिला, "ना वास, ना चव. पुण्याचे लोक हेच खातेत काय बापा? म्हणून वाळून राह्यले."

मार्च संपत आला की झाड पिवळं पडायचं आणि मे महिन्यात जळून जायचं. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, पाणी कमी पडलं. दुसऱ्या वर्षी पाणी जास्त झालं असं वाटलं. तेव्हा मी त्याला सांगितलं की हे दोन वर्षांचं झाड आहे, पहिल्या वर्षी नुसती पानं, थंडी खाऊन दुसऱ्या वर्षी फूल आणि बी, मधला उन्हाळा निघाला तरच. माझी बी.एस्सी. आमच्या अंगणात कामाला आली ती त्या दिवशी. "मंग उन्हाळाच काढा लागते," तो म्हणाला. मी म्हटलं, "दादा, पाकीट मिळतं ना विकत, कायले एवढा जीव टाकतोस?" तो म्हणाला, "ग्रॅज्युएट बाई, बी पुण्याहून येते तवरीक मी तिकडचाच नोकर. एक डाव आपल्या अंगणात बी धरू दे... मंग सुटलो." पुढच्या साली एका झाडानं उन्हाळा काढला, पण पावसाच्या झडीत त्याची मुळं सडली. त्यानंतरचं हे, रांजणातलं. भर दुपारी गाडी सोडून तो गोणपाट भिजवायला घरी यायचा. त्याला नाही जमलं की आई भिजवायची. पावसाळ्यात त्यानं वर टिनाचा तुकडा बांधला. पेरली तेव्हा रोपं पुष्कळ होती, राहिलं एवढंच.

दादाच्या जलदानविधीला सगळा गोतावळा जमला. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला वांग्याची भाजी, वरण, भात. स्वयंपाकाला महागावकडून आलेल्या मामी होत्या, त्यांना आमच्या अंगणातलं काय माहीत? आई आत भिंतीला टेकून बसली होती, मी लोकांना पाणी देत होते. पंगतीत बसले आणि ताटात पाहिलं, तर भाजीवर हिरवं भुरभुरलेलं. वास नव्हता. मी तशीच उठून मागं गेले. रांजणाच्या बुडात मातीला खड्डा पडला होता आणि चुलीजवळ परातीत ते पांढरं, लांब, गाजरासारखं मूळ कापून बाजूला टाकलेलं होतं. मामी म्हणाल्या, "सांबार कमी पडला होता वो बाई. मांगं दिसला, म्हटलं घरचाच आहे, घेतला उपटून." मी म्हटलं, "बरं केलं." दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी जीव लावून रांधलं होतं, त्यांचा भाचा गेला होता. परत येऊन बसले आणि ताटातलं सगळं खाल्लं. शेजारी शांतामावशी होती. तिनं एक घास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि ताटावरच रडायला लागली. तिला चव ठाऊक होती.

आता थंडी सरली आहे. ते झाड असतं तर आज फुलावर आलं असतं. लोक म्हणतात, दुसरं पाकीट आणून पेर. आणता येईल. पण ते पुन्हा तिकडचंच बी, आणि उन्हाळा काढायला दादा नाही. गेल्या रविवारी घरी गेले तर भर दुपारी आई न्हाणीजवळ वाकलेली. बादलीत गोणपाट बुडवून, पिळून, रांजणाच्या बुडाभोवती गुंडाळत होती. आत नुसती माती, तिला भेगा पडलेल्या.

"माय, कायले भिजवतेस? आत काहीच नाही."

"मले मालूम आहे," ती म्हणाली, आणि गोणपाटाचं दुसरं टोक बादलीत बुडवलं.