नरसय्या गैरहजर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, सहीपुरतं. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. पोटात ठेवून ठेवून जड झालंय, एवढंच समजा.

सोलापुरात आमचा टॉवेलचा कारखाना. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, मालक म्हणा, संचालक म्हणा, तिघंच — मी, माझी बायको आणि नरसय्या. बाजार माझा, माग त्याचे. नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचं काय बिघडलंय ते सांगायचा. तेलुगू घरातला, मराठी फर्डं बोलायचा, पण कागद पुढे आला की म्हणायचा, तुमी वाचा आप्पा, मी सही करतो. असा माणूस मला नकोसा झाला. का? माल त्याच्यामुळे चालतो असं गिऱ्हाईकं बोलायला लागली — आणि ते खरं होतं. जळलो मी.

आमच्या सीएनं एकदा सहज सांगितलं होतं, संचालक वर्षभर एकाही बैठकीला आला नाही तर त्याचं पद आपोआप जातं. काढावं लागत नाही. ते 'आपोआप' मला फार आवडलं.

त्या वर्षी चार बैठका झाल्या. नोटिसा त्याच्या ईमेलवर गेल्या, जो मीच उघडून दिला होता आणि मीच बघायचो. बैठक म्हणजे तरी काय? दुपारचा ऑफिसातला चहा. नरसय्या समोर बसून रंगांचे नमुने दाखवायचा, आणि मी त्याच्या देखत वहीत लिहायचो — श्री. नरसय्या गैरहजर. केसानं गळा कापणं म्हणतात, ते हेच ना?

तिसऱ्या बैठकीला एक झालं. चहावाल्या मावशींनी दोनच कप ठेवले. मला एक, बायकोला एक. तो आमच्या समोरच बसलेला. मला न्हाई का, असं त्यानं विचारलं तेव्हा मावशी दचकल्या. दिसलाच नाहीत की, म्हणाल्या. मी त्यांना काही बोललो नव्हतो — कुणालाच बोललो नव्हतो. चौथ्या बैठकीला मी वहीतून मान वर केलीच नाही. समोर खरंच कुणी नसलं तर?

वर्ष सरलं. त्याचं संचालकपद गेल्याचा फॉर्म बायकोच्या सहीनं सरकारकडे गेला. मग त्याचे शेअर माझ्याकडे यायला कितीसा वेळ लागतो! त्या कागदावरही त्यानं न वाचताच सही केली होती. बँकेत सही करायला गेला तेव्हा त्याला कळलं. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता येऊन उभा राहिला.

"मी बैठकीला आलोच न्हाई म्हणतेत. मी तर रोज हितंच होतो की. आप्पा, तुमी सांगा. मी आलो होतो का?"

"नाही आलास," मी म्हणालो.

बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"तुमी म्हणताय म्हंजे आलो नसंन," म्हणाला, आणि गेला.

मध्यंतरी त्याची बायको भाजीबाजारात भेटली. तिला यातलं काही माहीत नाही. रोज संध्याकाळी तो उंबऱ्याबाहेर थांबतो म्हणे, आणि विचारतो, मी आलोय का? घरातल्यांनी हो म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. आणि हल्ली त्यांच्या 'हो'वरही त्याचा विश्वास बसत नाही.

"तुमचं ऐकतेत ते," ती म्हणाली. "तू हायस म्हणून एकदा येऊन सांगा की त्यांना."

येतो म्हणालो. पण तो आहे असं सांगायचं, तर तो होता हेही सांगावं लागतं. मी गेलेलो नाही.