बारा पडद्यांवर सासरे

जावयाने सासऱ्याबद्दल काही लिहू नये, आणि लिहिलंच तर एंटर मारू नये.

आर्णीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. बारा मशिनी, सगळ्या एकाच सर्व्हरला जोडलेल्या. बायको वैशाली मागच्या खोलीतल्या मशीनवर बसून प्रवेश आणि हजेरी बघते. तिचे वडील राळेगावहून चार दिवसांसाठी आले होते, त्याला तेवीस दिवस झाले होते! जन्म एसटीत कंडक्टरकीत गेलेला. पोरी दाराशी घोळक्याने उभ्या राहिल्या की यांची हाळी, "चला, आत सरका! दरवाज्यात थांबू नका!" मी शिकवत असताना मध्येच, "जवाईबापू, त्या मागच्या पोरीले काहीच समजून नाही राह्यलं." (ते खरं असायचं, म्हणून जास्त राग यायचा.)

त्या दिवशी मी 'वॉल' नावाची कमांड शिकवत होतो. मजकूर लिहायचा, एंटर मारायचा, की सर्व्हरवर लॉगिन असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर तो टपकतो. एकालाच निरोप द्यायचा असेल तर 'राइट' ही वेगळी कमांड. मी नमुना म्हणून पाठवलं, "उद्या क्लासला सुट्टी." टाळ्यांचा कडकडाट! (सुट्टीला. मला वाटलं, शिकवण्याला.) त्या भरात मी वैशालीला खासगी निरोप लिहिला, "तुझे बाबा नेमके कधी जाणार? हा क्लास आहे की त्यांची बस?"

बोटांनी 'राइट'ऐवजी पुन्हा 'वॉल'च लिहिलं होतं.

चौथ्या मशीनवरच्या शबानाने तो निरोप खड्या आवाजात वाचला. "सर, कोनाचे बाबा?"

"मिटवा ते!"

"मिटत नाही सर! माह्या फाइलीच्या मधातच येऊन बसलं!"

"सर, हे परीक्षेत येते का?"

मी घाईघाईने दुसरा निरोप सोडला, "आधीचा निरोप फक्त वैशाली मॅडमसाठी होता." तोवर बाबा कोणाचे, हे कुणालाच कळलं नव्हतं. आता बाराही मशिनींना कळलं!

आणि सातव्या मशीनवर चष्मा सावरत खुद्द बाबा बसले होते. वैशालीने त्याच सकाळी त्यांना लॉगिन काढून दिलं होतं.

"जवाईबापू, हे मलेच हाय न?"

"नाही बाबा, ते... नमुना होता."

"नमुन्यात बस बी हाय?"

ते उठले, पिशवी घेतली आणि निघून गेले. वैशाली धावत बाहेर आली. "अजी, हे काय करून बसले तुमी?"

"कमांड चुकली गं!"

"कमांड चुकली, पन मनातलं तर बरोबर निघालं न!"

मी गाडी काढून स्टँड गाठला. राळेगावची बस समोरून सुटत होती आणि बाबा बाकावरच बसलेले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "तुमच्या सासूबाई गेल्यापासून घरात दिवसभर तोंडातून शब्द निंगत नाही. इथं पोरी आजोबा म्हन्तात. म्हनून रेंगाळलो, बापू."

मी त्यांची पिशवी उचलली. "बाबा, चूक झाली माझी. घरी चला."

"येतो. पन ते राइट का काय, ते मले शिकवाचं."

शिकवलं. एवढंच नाही, त्यांनी तीन महिन्यांच्या कोर्सला रीतसर प्रवेश घेतला. परवा मी फळ्याकडे तोंड करून मोठ्या तन्मयतेने शिकवत होतो, तेवढ्यात मागे खसखस पिकली. वळून पाहिलं, तर बाराही पडद्यांवर एकच ओळ, "जवाईबापू, शर्ट उलटा हाय."

"बाबा! राइट शिकवली होती न तुम्हाले?"

"शिकवली होती. पन दिसून तर सगळ्यांलेच राह्यलं होतं!"

शर्ट मी तास संपेपर्यंत उलटाच ठेवला. बदलायला आत गेलो असतो, तर त्यांनी तेही सगळ्यांना कळवलं असतं!