गोंदमावशीचे शंभर सेकंद

गोंदमावशीला बोटांनी दिसतं, असं गोंदाच्या खोलीतल्या बायका म्हणायच्या, आणि त्यात फारसं वाढवून सांगितलेलं काही नव्हतं. दुकानात मालावरच्या काळ्या रेघा वाचून किंमत सांगणारं हातातलं यंत्र असतं ना, त्याची पेटी या कारखान्यात बनायची. पेटीचे दोन अर्धे, मध्ये बॅटरी, आणि कडेने पिचकारीतून सोडलेली गोंदाची रेघ, दोऱ्याइतकी बारीक. बावीस वर्षं मावशी ही रेघ ओढत होती. रेघ जिथून निघे तिथेच फिरून येई, आणि दोन टोकांमध्ये ती तीळभर जागा मोकळी सोडी. त्या जागेला ती 'तोंड' म्हणायची. एखादी पेटी बिघडून परत आली की ती उघडायला फोरमन तिलाच हाक मारायचा. अंगठ्याने ती तोंड शोधायची, तिथे प्लास्टिकची पट्टी टेकवायची, समोरचा कोपरा जरासा पिरगाळायची, आणि शिवण उसवावी तशी रेघ सुटत जायची. दुसऱ्या कुणी हात घातला की पेटीला तडा ठरलेला.

या हाताला कारखान्यात नाव नव्हतं. तिच्या कार्डावर 'मदतनीस, खोली तीन' एवढंच लिहिलेलं. खोली तीनमध्ये वास कोंडलेला असायचा. भिंतीत वारा बाहेर फेकणारा भलामोठा पंखा होता, पण तो पाहुणे येणार असले की फिरायचा, एरवी त्याची वीज मालकाच्या जिवावर येई. मावशीच्या नाकाला तर आता वासच येत नव्हता. घरी दूध करपलं तरी सुनेने सांगावं लागे.

सुनेला या खोलीत तिनेच आणलं होतं. मुलगा दूरच्या बंदरावर कामाला, काम असेल तेव्हा पैसे पाठवायचा, नसेल तेव्हा निरोप. घर या दोघी बायकांच्या पगारावर चालत होतं. "पोरीचा हात चांगला आहे," असं मावशीने फोरमनला छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि पोरीने तिला खोटं पाडलं नाही. पण गेल्या वर्षी पोरीला दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाईने विचारलं, काम कसलं करतेस. सांगितल्यावर ती म्हणाली, पुढच्या वेळी त्या वासापासून लांब राहा.

आता पुढची वेळ आली होती. तिसरा महिना लागला होता आणि दोघींशिवाय कुणाला पत्ता नव्हता. सांगायची सोय नव्हती. आधी खोलीतल्या दुसऱ्या दोन बायकांनी दिवस राहिल्याचं सांगून बघितलं होतं, त्यांचं कार्ड दुसऱ्या दिवशी दारावरच अडवलं गेलं. दुसऱ्या खोलीत बदली मागावी तर कारण द्यायचं काय? मावशी रोज रात्री उशाला हेच घेऊन झोपायची.

अशात सल्लागारबाई आल्या. माल विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीने त्यांना पाठवलं होतं, पुरवठादारांची तयारी करून घ्यायला. खोक्यावर हिरवं पान छापायची परवानगी देणारी एक संस्था होती, आणि तिचे नियम आता कडक झाले होते. बाई चांगल्या होत्या, समजावून सांगायच्या.

"बॅटरी बदलता येत नाही म्हणून अख्खं यंत्र कचऱ्यात जातं," त्या सगळ्यांना जमवून म्हणाल्या. "म्हणून यापुढे कुठल्याही साध्या माणसाला, साध्या हत्याराने, तीन मिनिटांत, मोडतोड न करता पेटी उघडता आली पाहिजे. नाही उघडली तर गोंद बंद आणि स्क्रू सुरू. त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत मिळेल. ऑर्डर कुठे जात नाही, घाबरू नका. गोंदाच्या बायकांनाच स्क्रूचं काम शिकवू."

मागच्या रांगेत सुनेने मावशीचा हात घट्ट धरला. स्क्रूला वास नसतो. कुणाला काही सांगायला नको, कारण द्यायला नको, सगळी खोलीच्या खोली त्या वासातून बाहेर पडणार होती. पोरीचं लेकरू त्या नियमाच्या एका ओळीवर येऊन बसलं होतं.

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. स्क्रूची यंत्रं आणायची, साचे बदलायचे, म्हणजे खर्च आणि डोक्याला ताप. त्याने घरच्या घरी परीक्षा घेऊन बघितली. हिशेबनीस, पहारेकरी, पॅकिंगच्या दोन मुली, सगळ्यांच्या हातात पेटी आणि पट्टी दिली. तीन पेट्या तडकल्या, एक उघडलीच नाही, पहारेकऱ्याने नख तोडून घेतलं. तेव्हा फोरमनची ट्यूब पेटली.

"तू झाडूवाली म्हणून यायचं," मालक मावशीला म्हणाला. "साधी बाई. निळा झगा घाल, झाडू हातात ठेव. त्या पानवाल्या संस्थेचा तपासनीस सांगेल तेव्हा उघड."

"मला नाही जमायचं, साहेब. भलत्यांसमोर हात थरथरतात."

"रोज उघडतेस की! उगाच भाव खाऊ नकोस." विषय संपला.

सल्लागारबाई ओळखतील ही भीती मालकाला नव्हती. बाई चारदा खोली तीनमध्ये येऊन गेल्या होत्या, पण तिथे सगळ्यांच्या डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं. चेहरे बघायला त्या आल्याच नव्हत्या.

त्या संध्याकाळी घरी दोघी सासू-सुना किती दिवसांनी हसल्या.

"तू काळजी करू नकोस," मावशी म्हणाली. "तीन मिनिटं ती कितीशी! खोबणीत पट्टी फिरवत बसते, उसासे टाकते, घाम पुसते. झालं."

"आई, तुम्हाला नाटक येतं का पण?"

"न यायला काय झालं? तुझ्या सासऱ्याबरोबर संसार केला मी."

मग मावशीने ट्रंकेतून तीन-चार टाकाऊ पेट्या काढल्या आणि चुकायचा सराव सुरू केला. पहिल्यांदा उघडली. दुसऱ्यांदा मुद्दाम भलत्या कडेला लागली, तरी अंगठा आपोआप तोंडाशी गेला. सून पोट धरून हसायला लागली. "आई, अंगठा दुमडून ठेवा!" अंगठा दुमडला तेव्हा कुठे जमलं. तीन मिनिटं झाली, पेटी तशीच. "बघ," मावशी म्हणाली, "एवढी मठ्ठ बाई त्यांनी जन्मात पाहिली नसेल."

परीक्षेच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर पांढरा कागद आणि एक पेटी. पेटीकडे बघताच मावशीने ओळखलं, रेघ आपली. टेबलाभोवती मालक, फोरमन, सल्लागारबाई, मोठ्या कंपनीचा एक चकचकीत बुटांचा माणूस आणि हातात घड्याळ घेतलेला तपासनीस.

"मावशी, बसा," तपासनीस म्हणाला. कारखान्यात तिला कुणी 'बसा' म्हणायची ही पहिलीच वेळ. "घाबरू नका. परीक्षा यंत्राची आहे, तुमची नाही. नाही उघडलं तर नाही उघडलं."

ती बसली, अंगठा दुमडला. पट्टी भलत्या कडेला लावून खरवडत राहिली. उसासा टाकला. कपाळ पुसलं. मालकाचा चेहरा उतरायला लागला तशी तिला मजा वाटू लागली. मिनिट झालं. मनात ती मोजत होती, अजून दोन, पोरी, अजून दोन.

तेवढ्यात चकचकीत बुटांच्या माणसाने दुसरी एक पेटी उचलून उजेडात धरली. "सांधा काय सुरेख आहे हो! रेघ कुठे दिसतसुद्धा नाही. कुठलं मशीन?"

"नवं आणलंय," मालक म्हणाला. "बाहेरचं."

"तरीच. माणसाच्या हाताला हे यायचं नाही."

मावशीच्या अंगाची लाहीलाही झाली. बावीस वर्षं! पाठीचा कणा वाकला, नाक गेलं, नखांखालची त्वचा सोलवटली, आणि हे म्हणतायत मशीन. त्या क्षणी तिच्या मनात सून नव्हती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण नव्हती. दुमडलेला अंगठा कधी सरळ झाला तिला कळलं नाही. तो कडेवरून फिरला, तोंडाशी थांबला. पट्टी टेकली. कोपरा पिरगाळला. रेघ सुटत गेली आणि पेटीचे दोन अर्धे कागदावर उघडे पडले, कुठे ओरखडा नाही, मध्ये बॅटरी जशीच्या तशी.

मान वर करून तिने त्या बुटांच्या माणसाकडे बघितलं. बघ म्हणावं, माणसाचा हात.

"एक मिनिट चाळीस," तपासनीस म्हणाला. "शंभर सेकंद! आणि या कधी हे काम करत नाहीत?"

"झाडूवाली आहे हो," मालक म्हणाला. "आजच पहिल्यांदा पेटी हातात घेतली तिने."

सल्लागारबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग मावशीला सून आठवली.

तिने तोंड उघडलं होतं. साहेब, मी झाडूवाली नव्हे, ही रेघ माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मालक तिच्याकडे टक लावून बघत होता. दोन कार्डं, तिचं आणि पोरीचं, दोन्ही त्याच्या टेबलाच्या खणात होती. तिने झाडू उचलला आणि ती बाहेर पडली. झाडणाऱ्या बाईची वाहवा झाली, मशीनची झाली, आणि गोंदमावशीचं नाव त्या खोलीत कुणाला ठाऊकच नव्हतं.

खाली बातमी तिच्या आधी पोचली होती. बायकांनी तिला वाट करून दिली. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि पंखा बंद झाला. सून मान खाली घालून पिचकारी भरत होती.

घरी जाताना  मावशीने त्या बुटांच्या माणसाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं. सांगताना आपलंच आपल्याला पोकळ वाटत होतं.

"आई," सून म्हणाली, "एकदा हरता आलं नाही तुम्हाला? एकदाच?"

मावशीने अंगठा मुठीत दुमडला आणि ती चालत राहिली. 

हिरवं पान मिळालं. खोक्यावर ते छापून आलं, खाली बारीक अक्षरात, 'सहज उघडते'. स्क्रूची यंत्रं आलीच नाहीत. पण तपासनीस वर्षातून दोनदा न सांगता येणार होता, आणि दर वेळी नवा साधा माणूस लागणार होता.

"तुझं तोंड त्यांनी पाहिलंय," मालक मावशीला म्हणाला. "तू आता चालायची नाहीस. सुनेला तयार कर. घरचाच हात आहे."

जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली, त्याच खोलीत, त्याच वासात. सुनेने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला काय उरलं होतं? पहिल्या दिवशी पेटी तडकली. चौथ्या दिवशी पाच मिनिटं लागली. पोर मधेच डोकं धरून बसायची, मावशी पाणी द्यायची, की पोर पुन्हा पट्टी हातात घ्यायची. झगा आता सैल घालावा लागत होता.

दहाव्या दिवशी पोरीने डोळे मिटले आणि अंगठा कडेवरून फिरवला. तो नेमका तोंडाशी येऊन थांबला. पट्टी टेकली, कोपरा पिरगाळला, रेघ सरसर उसवत गेली. मावशीने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दोन मिनिटं दहा सेकंद, तेही दहा दिवसांत! तिला स्वतःला दोन वर्षं लागली होती.

पोर उठून खिडकीशी गेली आणि तोंडावर हात दाबून वाकून उभी राहिली. तिच्या पाठीकडे बघताना मावशीला लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती. वाटलीच. पण मेलं, त्याच्या आधी कौतुक वाटलं.

"दोन-दहा," ती म्हणाली. "उद्या दोनच्या आत येशील."