लहान तुकडा चिवट दिसतो

वापरात असलेल्या टाकीच्या जाड पोलादी भिंतीतून तपासणीसाठी मोठा तुकडा कापता येत नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत बोटाच्या पेराएवढे नमुने येतात. त्यांना बारीक चीर पाडून यंत्रात ताणायचं आणि किती ताण सोसल्यावर ती चीर पुढे सरकते ते पाहायचं, हे माझं काम. आज सकाळचा नमुना खूप वाकला, पण तुटेना. मी खूश होऊन म्हणालो, "पोलाद चांगलं चिवट आहे."

आमच्या वरिष्ठ देशमुख मॅडम म्हणाल्या, "लहान तुकडा चिवट दिसतोच. त्याला वाकायला मोकळीक असते. जाड भिंतीत ती नसते, तिथे चीर एकदम धावते. हिशेब करून चिवटपणाचा आकडा खाली आणा."

आकडा खाली आणताना मला ताई आठवली. गावी अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं सगळं ती एकटी करते. मी रोज दोन मिनिटं फोन करतो, ती हसून "सगळं ठीक" म्हणते, आणि आमची ताई खंबीर आहे असं मी सगळ्यांना सांगत असतो. तेवढ्याशा बोलण्यावरून.

दुपारी तिला फोन लावला. बाबांची चौकशी करून झाल्यावरही ठेवला नाही. "तुला झोप मिळते का गं?" असं विचारलं. ती हळूच म्हणाली, "आज तुला वेळ आहे का?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं वाटलं असतं.