नावं चार, चाल एक

नानांना उत्साही गिऱ्हाइकाची भीती वाटायची. म्युच्युअल फंडाचं नाव काढताच ज्याचे डोळे चमकत, त्याला ते चहा पाजून परत पाठवत. "चमक बघायची तर सराफ बाजारात जा," म्हणत, "इथं नुसती वाट बघायची असते." जळगावात मेहरूणमधल्या त्यांच्या छोट्याशा ऑफिसात मी बरीच वर्षं काम केलं, पण त्यांना कधी घाईत पाहिलं नाही.

त्यांचा सल्ला ठरलेला. पैसा चार फंडांत विभागायचा. "एक बुडाला तर दुसरा तारेल." शिक्षक असो की केळीवाला शेतकरी, सगळ्यांना हेच. लोक ऐकत, कारण सांगणारे नाना होते.

मग बाजार कोसळला आणि चारही फंड एकदमच खाली आले.

"असं कसं गं?" नानांनी विचारलं.

मी संख्याशास्त्र शिकलेली. चारही फंडांचे जुने मासिक परतावे घेऊन कॉम्प्युटरवर रिग्रेशन केलं. म्हणजे बाजाराच्या चढउतारावरून फंडाचा चढउतार कितपत सांगता येतो, ते तपासलं. जवळजवळ पूर्ण सांगता येत होता. चारही फंड बाजाराच्याच मागे चालत होते.

"बाजार वर आला की लोक विसरतील, नाना."

"ते विसरतील गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर जाऊन हे सांगू लागले. पाचोऱ्याला मी सोबत होते. नातीच्या शिक्षणासाठी पैसे गुंतवलेल्या एका आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "नाना, आते सांगीसन काय फायदा शे?"

"चूक माझी, आबा. आता सांगतो ते एवढ्यासाठी, यापुढं थोडं पोस्टातही ठेवा."

पारोळ्यात तर एकानं दारातूनच परतवून लावलं. वर्षभरात निम्मी गिऱ्हाइकं गेली. नाना फार थकले. ऑफिसची किल्ली माझ्या हाती देऊन ते मुलीकडे धुळ्याला राहायला गेले.

मी तिथं भेटायला गेले, तेव्हा बाजार केव्हाच सावरला होता. न राहवून म्हटलं, "नाना, नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

"चाललं असतं. पण त्या गल्ल्यांतून मला चालता आलं नसतं."

मुलगी चहा घेऊन आली, तोवर ते खुर्चीतच झोपी गेले होते. त्यांना न उठवता मी जळगावची बस धरली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.