आनंदाचा पैलवान

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला आनंदाचं तळं आहे. बापानं खणलेलं. त्यात तो जिताडे पाळतो. बायकोशी बोलला नसेल इतकं त्या माशांशी बोलला. ती गेली तेव्हा बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. मी तसं म्हटलं नाही. मी फक्त गावभर सांगितलं.

जिताडा मूळचा खाडीचा. बोटाएवढी पिल्लं तिथून आणून गोड्या तळ्यात सोडली की वाढतात. पिल्लं आणायची जनी कोळीण. पण तीन वर्षं तिच्या जाळ्यात पिल्लूच नाही. तळ्यात उरले चार: तीन हातभर आणि एक मांडीएवढा, त्याचं नाव पैलवान.

"घालतील अंडी," आनंदा म्हणायचा. "बापाचा तला माज्या हातानं रिकामा नाय व्हायचा."

"अरे, चारही गडीच दिसतात. अंडी तू घालणार काय?" मी चिडवायचो.

मग अंबरनाथची चैत्राली आली, कॉलेजात माशांचा अभ्यास करणारी. म्हणाली, "काका, हा आधी नर असतो. पाच-सहा वर्षांनी, चांगला मोठा झाला की मादी होतो. तुमचा पैलवान बहुतेक बाई आहे."

मला हसू आलं, आनंदा मात्र मटकन बांधावर बसला. दर गटारीला तळ्यातला सगळ्यांत मोठा जिताडा तो शहाडला, लेक ऋतिकाच्या सासरी पोचवायचा. व्याह्याला लहान मासा दिला तर लेकीला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

"म्हंजे मी आठ वर्सं आयाच कापायला दिल्या?"

"ठेवल्या असत्या तरी काका, गोड्या पाण्यात त्या अंडी घालत नाहीत. त्याला खाडीचं मुख लागतं, खारं पाणी. पावसाळ्यातली अवसेची नाहीतर पुनवेची भरती."

दोन दिवस आनंदा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अवसेला हिला खाडीत सोडतो. पिल्लं झाली तं जनीला गावतील." अवस म्हणजे नेमकी गटारी. सकाळीच ऋतिकाचा फोन आला. "बाबा, मामंजी विचारतात, मासा किती वाजता?"

"यंदा नाय."

"मला इथंच नांदायचंय, बाबा." त्यानं फोन ठेवून दिला.

रघूच्या टेम्पोत तळ्याच्या पाण्यानं भरलेला ड्रम, ड्रमात पैलवान, शेजारी आम्ही दोघे. उल्हासनगरच्या बाजारात तासभर अडकलो. मासा तोंड वर काढून आ वासायला लागला. आनंदा कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळत होता. "दम धर बाय, दम धर."

शेवटी एका सिंधी शेठच्या दुकानातला नळ दिसला. "पानी बदलू," आनंदा म्हणाला. "बारवीचाच हाय ना? आपल्या घरचा."

मला ते पटलं. आम्ही अर्धा ड्रम ओतून दिला आणि नळाच्या पाण्यानं भरला. बारवीचंच ते, पण शहरात येईतो त्यात जंतू मारायचं औषध पडलेलं असतं, हे दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. शहाडच्या पुलाशी मासा आडवा झाला. आनंदानं त्याला उभं धरलं, कल्ल्यांवर पाणी मारलं, पाठीवरून हात फिरवत राहिला. तरी कल्ले हलायचे थांबले.

रघूनं विचारलं, "आता?"

आनंदानं ओले हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाला, "ऋतिकाकडे घे."

व्याही दारातच खूश. "एवढा मोठा तर कधीच नव्हता, आनंदाशेठ." मोरीजवळ ऋतिकानं पोट फाडलं. बापानं वाकून आत पाहिलं. एकही अंडं नव्हतं.

"गाभोळी नाही? मासळी भाकड निघाली," व्याही म्हणाले. "असू दे. पुढच्या गटारीला याहून मोठा आणा."

ऋतिका विळी तशीच धरून बापाकडे बघत होती.

"आणतो," आनंदा म्हणाला.